आयझॅक वॉल्टन : गळ टाकणारे देवभक्त

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी एखाद्या सायंकाळी उभे राहिलात, तर संथ पाण्याने मन निवते. अशा पाण्यात गळाला गांडूळ लावून वाट पाहणे आपल्या परिचयाचे आहे. परंतु पिसे व रेशीम यांची बनावट माशी वाहत्या, नितळ पाण्यावर अलगद उतरवून मासा धरणे ही निराळी विद्या आहे. जगभरच्या नवशिक्यांनी ज्यांना या छंदाचे गुरू मानले, त्या आयझॅक वॉल्टन यांनी मात्र याच विद्येत दुसऱ्यास गुरुस्थानी बसविले. त्यांची ही जीवनकथा ऐका.

इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे १५९३ साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी व्यापारात जम बसविला. त्यांच्या मंडळीचे पाळक प्रख्यात कवी जॉन डन हे होते. त्यांचे वॉल्टन यांनी लिहिलेले चरित्र १६४० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पत्नी राहेल निवर्तली. तिच्यापासून झालेली सातही मुले बालवयातच दगावली. पुढे यादवी युद्ध पेटले, १६४५ मध्ये त्यांच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला.

अशा काळात, १६५३ साली, वॉल्टन यांनी 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोणाविषयी कडवटपणा नाही. एक अनुभवी कोळी नवख्या सोबत्याला नदीकाठाने नेतो आणि बोलता बोलता शिकवितो. प्रभूच्या शिष्यांपैकी चौघे कोळी होते याचे स्मरण तो आवर्जून देतो.

माशी टाकावी कशी? वारा पाठीशी असावा. आपली सावली पाण्यावर पडू नये. दोरी पाण्याला न लागता आधी माशी टेकावी. माशा तरी किती प्रकारच्या! ऋतुमानाप्रमाणे त्या बदलाव्या लागतात. आभाळ भरलेले असता फिकट रंगाची माशी लावावी. लख्ख उन्हात गडद व लहान. या भागातील पुष्कळशी माहिती आपण टॉमस बार्कर यांच्याकडून घेतली, हे वॉल्टन यांनी मोकळेपणाने नमूद केले. त्यांचा स्वतःचा हातखंडा जिवंत आमिषात होता.

त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन हे डव्ह नदीकाठी राहत. वयाने ३७ वर्षांनी लहान, कर्जबाजारी, थट्टेखोर काव्य लिहिणारे. भक्तिमान वॉल्टन यांच्याशी त्यांचा मेळ बसेल असे कोणास वाटले असते? परंतु माशीच्या विद्येत कॉटन निष्णात होते. १६७४ साली कॉटन यांनी नदीकाठी एक लहान घर बांधले व त्यावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे गुंफून कोरविली. १६७६ साली पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा माशीविषयीचा दुसरा भाग वॉल्टन यांनी कॉटन यांना लिहू दिला. तो त्यांनी सुमारे दहा दिवसांत पुरा केला. त्यातील शिकाऊ प्रवासी झटका जोराने देऊन दोरी तोडतो, मासाही गमावतो. पण पुढे स्वतःच्या हाताने बांधलेल्या माशीवर मासा धरतो.

वॉल्टन तेव्हा वयाच्या ८३ व्या वर्षात होते. आपल्याच ग्रंथात तरुणाला शिक्षकाचे आसन देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर येथे ते प्रभूमध्ये विसावले. तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांची कबर आहे. शांतपणे राहण्याविषयी पौलाने थेस्सलनीकाकरांना केलेला बोध त्यांना विशेष प्रिय होता. ग्रंथाचा शेवट त्यांनी त्यानेच केला.

वाचकहो, आपल्या मंडळीतही एखादा कॉटन असेल. वयाने लहान, लौकिकाने डागाळलेला, पण एखाद्या कामात आपल्याहून तरबेज. त्याच्यापुढे शिष्य होऊन बसण्याची आपली तयारी आहे काय?