शाळेत फक्त दीड दिवस गेलेल्या माणसाने डफावर थाप मारून कामगारांना जागं केलं

दरवर्षी १ ऑगस्टला निगडीतल्या अण्णा भाऊ साठेंच्या पुतळ्यापाशी गर्दी होते. हार घातले जातात, शाहिरी रंगते, दिवसभर स्टेटस आणि रील्स फिरतात. पण पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या शहराला हा शाहीर इतका जवळचा का वाटतो? त्यासाठी त्यांची गोष्ट माहिती पाहिजे.

अण्णा भाऊंचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. मातंग समाजात जन्म, त्यामुळे गावकुसाबाहेरचं घर आणि शिवाशिव वाट्याला आली. शाळा झाली ती जेमतेम दीड दिवस. गावात पोट भरेना, तेव्हा साठे कुटुंब मुंबईकडे निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाटेत मिळेल ते काम करत शेकडो किलोमीटर चालत गेलं.

मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, गिरणीत राबले. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. कामगार चळवळीत आले, कम्युनिस्ट पक्षाचं काम करू लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की दिवसभर राबून आलेला माणूस भाषणाला कंटाळतो, पण डफ वाजला की थांबतो.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. माध्यम निवडलं तमाशाचं, पण आत मोठा बदल केला. तमाशा गणाने म्हणजे गणपतीच्या वंदनेने सुरू व्हायचा. अण्णा भाऊंनी तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. गवळण वगळली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, शेतकरी, मालक आणि मजूर आले. समोर बसलेल्यांना पहिल्यांदाच आपलंच जगणं स्टेजवर दिसू लागलं.

त्यांच्या ‘मुंबईची लावणी’त एकाच शहरातली दोन शहरं समोरासमोर येतात, मलबार हिलचा थाट आणि कामगार वस्तीतली दाटी. सरकारला हे सगळं झोंबलं. कलापथकावर बंदी आली. मग तमाशाचं ‘लोकनाट्य’ झालं आणि प्रयोग चालूच राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गावोगाव पोहोचली. वरवर ही मुंबईला आलेल्या कामगाराची आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची ताटातूट. पण त्यातच बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्रापासून तुटल्याचं दुःख गुंफलेलं. राज्य पुनर्रचनेचा किचकट प्रश्न त्यांनी घरातल्या विरहात आणून ठेवला, म्हणून तो प्रत्येकाला आपला वाटला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. सीमाभाग मात्र बाहेरच राहिला.

लिहिणंही थांबलं नव्हतं. १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हे पुस्तक त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं. १९६१ ला ते रशियाला जाऊन आले.

नाव झालं, पैसा मात्र आला नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच ते गेले, वय अवघं ४८. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. ज्याची गाणी हजारोंनी गायली, त्याचं घर मात्र जिवंतपणी कुणाला सावरता आलं नाही.

आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सांगली, सोलापूर, मराठवाड्यातून आलेली हजारो पोरं शिफ्टमध्ये राबतात. खोली इथे, घर तिकडे. गिरण्या गेल्या, प्लांट आले, पण मैना अजूनही गावावरच आहे. या शहराला अण्णा भाऊ जवळचे वाटतात ते म्हणूनच.