ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई मुंबईच्या कंपनी टीममधून आला होता

गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या चिचगडपासून मुंबईच्या चर्चगेटपर्यंत कुणालाही विचारा, १९८३ चा वर्ल्डकप कुणाच्या कॅप्टन्सीत जिंकला? उत्तर पटकन येतं. आता विचारा, ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई कोण? बरेच जण जपान नाहीतर कोरियाकडे बोट दाखवतील.

तो आपला होता. नाव नेव्हिल डिसोझा. जन्म गोव्याचा, फुटबॉल मुंबईचं.

नेव्हिल जन्मला ३ ऑक्टोबर १९३२ ला, बार्देस तालुक्यातल्या आसगावात. शेजारचं गाव शिवोली. १८८३ मध्ये विल्यम लायन्स या पाद्र्यानं गोव्यात फुटबॉल आणलं ते याच शिवोलीत, असं सांगतात. म्हणजे गोव्यातल्या फुटबॉलचं मूळ नेव्हिलच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि कामधंदा कमी. त्यामुळे गोयंकार पिढ्यानपिढ्या मुंबई गाठायचे. कुणी बोटीवर खलाशी व्हायचा, कुणी आचारी, कुणी बँडमध्ये वाजवायचा. धोबी तलावच्या आसपास गावागावांची स्वतःची 'कूड' असायची, म्हणजे त्या गावच्या माणसांनी मुंबईत राहायची सामाईक जागा. ही माणसं ट्रंकेसोबत फुटबॉलचं वेडही घेऊन आली.

पण वेडावर पोट भरत नाही. त्या काळी भारतात प्रोफेशनल फुटबॉल नव्हतं, खेळाडूला नोकरी लागायचीच. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल असे लोकांचे क्लब होते, ज्यांच्यासाठी घराघरांत भांडणं व्हायची. मुंबईत मात्र बड्या टीम कंपन्यांच्या निघाल्या. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल. पोरगा चांगला खेळतोय म्हटल्यावर कंपनी त्याला नोकरीवर घ्यायची. महिन्याच्या पगाराची सोय झाली की तो कूपरेजच्या मैदानावर कंपनीच्या जर्सीत दिसायचा.

नेव्हिल टाटांकडून खेळला आणि कॅल्टेक्सकडूनही. कॅल्टेक्स म्हणजे अमेरिकन तेल कंपनी, जिचे पेट्रोल पंप तेव्हा देशभर होते. नेव्हिलची जागा सेंटर फॉरवर्डची. मुंबईनं १९५४ च्या हंगामात पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, त्या टीममध्येही तो होता.

मग आलं मेलबर्न.

'मैदान' हा पिक्चर पाहिला असेल, तर कोच सय्यद अब्दुल रहीम माहीत असतील. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते आणि युगोस्लाव्हियानं १०-१ असा धुव्वा उडवला होता. चार वर्षांनी रहीम यांची टीम बूट घालून उतरली. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यामुळे चाल मिळाली, आणि १ डिसेंबर १९५६ ला क्वार्टर फायनलमध्ये समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, ४१ व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. हाफ टाइमला २-२. दुसऱ्या हाफमध्ये पाच मिनिटं होतात न होतात तोच नेव्हिलनं तिसरा मारला, आणि शेवटी कृष्णा किट्टूनं चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलच्या सेमीफायनलला पोचलेला भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. तिथंही पहिला गोल आपलाच, आणि मारणारा नेव्हिलच. पण ती आघाडी काही मिनिटंच टिकली आणि मॅच १-४ अशी गेली. ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियानं ०-३ असं हरवलं. मेडल एका पायरीवर राहिलं. ४ गोल करणारा नेव्हिल मात्र स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता. उरलेले दोघे युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यानंतर भारतानं सीमा बंद केली होती. म्हणजे नेव्हिल भारताच्या जर्सीत गोल मारत होता, तेव्हा त्याचं जन्मगाव सालाझारच्या ताब्यात होतं. आसगाव भारतात आलं ते डिसेंबर १९६१ ला.

१९५८ मध्ये कॅल्टेक्सनं मोहम्मडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स कप जिंकला. १८९१ पासून मुंबईत भरणारी ही स्पर्धा त्याआधीची अनेक वर्षं हैदराबाद आणि कोलकात्याच्या टीम घेऊन जात होत्या. त्यामुळे ऑफिसात काम करून मैदानात उतरणाऱ्या या टीमचं यश मोठं होतं.

आता थोडं ब्राझीलला जाऊ. रिओ दि जानेरोमध्ये बांगू नावाची वस्ती आहे. तिथल्या कापड गिरणीतल्या ब्रिटिशांनी १९०४ मध्ये फुटबॉल क्लब काढला. खेळायला माणसं कमी पडायची म्हणून त्यांनी गिरणी कामगारांना घेतलं, आणि त्यात काळे कामगारही होते. रिओच्या श्रीमंत क्लबांमध्ये त्यांना तेव्हा दारातही उभं करत नसत. याच बांगूनं १९३३ आणि १९६६ मध्ये रिओची चॅम्पियनशिप मारली. पुढे गिरणी गेली, तिच्या इमारतीत २००७ मध्ये मॉल झाला. क्लब मात्र खेळतोच आहे, कारण मधल्या काळात तो गिरणीचा न राहता वस्तीचा झाला होता.

कॅल्टेक्सला अशी वस्ती नव्हती. १९७६ मध्ये सरकारनं कंपनीचा इथला कारभार ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन केला. कॅल्टेक्स हे नावच संपलं, मग त्या नावाच्या टीमसाठी कोण रडणार? मोहन बागानच्या खेळाडूचे किस्से आजोबा नातवाला सांगतात. नेव्हिलचे किस्से सांगायला मुंबईत असा कुठला मोहल्ला मागे राहिलाच नाही.

१६ मार्च १९८० ला नेव्हिल गेला, तेव्हा तो फक्त ४७ वर्षांचा होता. १९६१ मध्ये सुरू झालेला अर्जुन पुरस्कार मेलबर्नमधला त्याचा जोडीदार पी. के. बॅनर्जी याला पहिल्याच वर्षी मिळाला, नेव्हिलच्या वाट्याला तो कधीच आला नाही.

रोव्हर्स कप नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. मुंबईची आणखी एक मोठी कंपनी टीम म्हणजे महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ला ती नॅशनल फुटबॉल लीगची विजेती होती. २०१० मध्ये कंपनीनं टीम बंद केली.