एक खोली, एक दिवा

मी इलेक्ट्रिकलचा. त्यामुळे शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावी नवीन घराचा पाया पडला तेव्हा लाइट फिटिंगचा नकाशा आपसूक माझ्याकडे आला. हॉलला पीओपी, कडेनं एलईडी पट्ट्या, देवघरावर स्पॉटलाइट, असं झकास काढलं. दहावीतल्या बहिणीनं कागद बघितला आणि विचारलं, मी अभ्यासाला कुठं बसायचं? मी गप्प. जुन्या घरात ती एकुलत्या ट्यूबकडे पाठ करून बसते. वहीवर तिचीच सावली, शेजारी टीव्ही.

त्याच आठवड्यात जयंतीच्या भाषणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आणलं होतं. वाचताना परळच्या एका खोलीत अडकलो ते अडकलोच.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले तेव्हा परळच्या डबक चाळीत सगळ्यांना मिळून एकच खोली. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहून त्यांना उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. घर झोपलेलं असताना घासलेटच्या दिव्याशी मुलाचा अभ्यास चालायचा. भाषणात आपण हे कष्ट म्हणून सांगतो. मला मात्र त्यात रामजींचं डोकं दिसलं. खोली वाढत नव्हती, दिवा वाढत नव्हता, म्हणून त्यांनी वेळ वाटून दिली.

जरा हिशेब करून बघा. दिवा एका मेणबत्तीएवढा धरला तर फुटावर उजेड साधारण १० लक्स, दोन फुटांवर जेमतेम अडीच. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. वाचायला आज आपण ३०० लक्स धरतो!

१९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., १९१३ ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, हे सगळ्यांना पाठ आहे. मार्च १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेला शाहू महाराज स्वतः आले होते, हेही. पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं, ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आम्ही आधी हॉल बघतो, पाहुणे बसतात ना!

पण एक गोष्ट आमच्या ब्रँचमध्ये फारशी कुणाला ठाऊक नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज त्यांच्याकडेच होती. १९४३ मध्ये वीज धोरण समितीचं अध्यक्षपद, १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, दामोदर खोऱ्याची आखणी. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योग वाढल्याशिवाय शेतीवरची गर्दी अन् गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. आजी सांगते, आमच्या वाडीत लाइट त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

नकाशा परत काढला. पीओपी उडालं. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, डाव्या बाजूनं दिवा म्हणजे लिहिताना हाताची सावली पडणार नाही, आणि बटण वेगळं, आजीची झोप मोडायला नको. आमच्याकडं जुलैत भर दुपारी अंधारून येतं, म्हणून त्या खोलीला कौलंच ठेवली आणि मधे दोन काचेची कौलं. आबा थोडे खट्टू आहेत. बहिणीची मात्र अजून एक अट आहे: टीव्ही त्या खोलीच्या भिंतीला लागून नको. ती भिंत हॉलचीच आहे, त्यामुळं कागद अजून माझ्याकडेच आहे.