कै. खाशाबा जाधव

कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. तेव्हां आखाड्याची तांबडी माती या बालकास घरचीच होती. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांतून ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें, गादीवरील कुस्तीचा सराव नसतांहि, त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला.

पुढें हेल्सिंकीस जाण्यास द्रव्य कोठून आणावें? गांवकऱ्यांनीं घरोघर वर्गणी गोळा केली; परंतु आम्हांस विशेष वाटतें तें प्राचार्य खर्डेकरांचें. त्यांनीं आपलें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले! विद्यार्थिमित्रहो, शिष्यासाठीं असें करणारे गुरु किती आढळतील?

१९५२ च्या जुलैंत हेल्सिंकीस कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस चीत करून खाशाबांनीं ब्राँझ पदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

गांवीं परततांच १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरव्हीं पाव तासाच्या वाटेस त्या दिवशीं सात तास लागले! सातारा-सांगलीच्या कृष्णाकांठीं मल्लांचें कौतुक नित्याचें. पण असा सोहळा विरळाच. खाशाबांचें लक्ष मात्र कर्जाकडे होतें. कुस्त्यांचीं मैदानें भरवून, त्या उत्पन्नांतून त्यांनीं गुरूंचें घर सोडविलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या कुस्ती-क्रीडागारास त्यांचें नांव लागण्यास २०१० साल उजाडावें लागलें.