विलायतेतून अर्धवट परतले, पुन्हा गेले : बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी

नावडे, तळोजा, पनवेल भागातल्या आपल्या घरांतून आता मुलं-मुली शिकायला परदेशात जातात. पहिल्या काही महिन्यांत घरी येणारे फोन बहुतेक सारखेच असतात : इथे सर नोट्स देत नाहीत, गाईड नाही, काय वाचायचं तेही आपणच ठरवायचं. इकडे अम्मी-अब्बांची झोप उडते. अशा घरांसाठी आम्ही आज मरहूम जस्टिस बदरुद्दीन तय्यबजी यांची हकीगत सांगतो. न्यायाधीशाची कमी, विद्यार्थ्याची जास्त.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली खंभातच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले व्यापारी. इंग्रजी शिक्षणाकडे तेव्हा आपल्या समाजात शंकेनंच पाहिलं जायचं, तरी या गृहस्थांनी मुलांना विलायतेला धाडलं. थोरले बंधू कमरुद्दीन तिथून सॉलिसिटर होऊन आले. बदरुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये. डोळे मात्र कच्चे. इलाजासाठी त्यांना फ्रान्सला नेलं आणि १८६० मध्ये लंडनच्या हायबरी भागातल्या कॉलेजात घातलं. सुएझ कालवा अजून व्हायचा होता. मिसरमध्ये उतरायचं, जमिनीवरून पलीकडे जायचं आणि दुसरं जहाज धरायचं, असा तो प्रवास.

लंडन विद्यापीठाची मॅट्रिक झाल्यावर १८६३ मध्ये त्यांनी विद्यापीठात आणि मिडल टेंपलमध्ये नाव घातलं. या दोन वेगळ्या गोष्टी, हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. बॅरिस्टरीची सनद विद्यापीठ देत नाही, ती मिडल टेंपलसारख्या संस्था देतात. तिथली रीत तर आपल्या कल्पनेपलीकडची. वर्षाची चार सत्रं, अशी बारा सत्रं भरायची, आणि सत्र भरायचं म्हणजे संस्थेच्या दालनात ठरावीक वेळा रात्रीचं जेवण घ्यायचं! हजेरी ताटावरची. सक्तीची परीक्षा १८७२ मध्ये आली, तोवर मुलानं किती वाचायचं ते त्याच्यावरच. टेबलावर दारूही असायची. पुढे गांधीजी शिकायला गेले तेव्हाही चौघांत मिळून बाटल्या येत, आणि ते पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या टेबलावर घ्यायला बाकीचे टपलेले असत.

अशा मोकळ्या पद्धतीत स्वतःला शिस्त लावायची, आणि डोळे साथ देत नाहीत. दुखणं काचबिंदूचं होतं. १८६४ च्या अखेरीस बदरुद्दीन शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतले. वय वीस. लोक काय म्हणाले असतील, हे आपल्याकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

इथे राहत-उन-नफ्स यांच्याशी निकाह झाला. १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, पण या वेळी फक्त मिडल टेंपलसाठी. विद्यापीठाची पदवी राहिली ती राहिलीच. आम्हाला यात हार दिसत नाही. आपल्या डोळ्यांना काय झेपेल हे त्यांनी ओळखलं आणि एकच गोष्ट धरली. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, डिसेंबरात परतले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये न्यायमूर्ती, १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन, १९०२ मध्ये हंगामी मुख्य न्यायमूर्ती. पदवी न घेतलेला हा माणूस मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर तीसेक वर्षं होता. बंधू कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा मोहम्मद अली रोघे वगैरे मंडळींबरोबर त्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. आपल्या नवीन पनवेलचा कळसेकर टेक्निकल कॅम्पस त्याच अंजुमनचा. १९०३ च्या मुंबईतल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्समध्ये अध्यक्ष म्हणून ते मुलींच्या शिक्षणाच्या बाजूनं आणि कडक पडद्याच्या विरोधात बोलले. घरच्या मुलींनाही त्यांनी शिकवलं.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्येच हृदयविकारानं त्यांचा इंतकाल झाला.