स्ट्रॉबेरीचे कोडे सोडवणारा द्यूशेन

रोप तजेलदार आहे, फुलेही येतात, पण फळ धरत नाही, असा अनुभव तुम्हाला आला असेल. अशा वेळी आपण आधी खताला आणि मग पाण्याला दोष देतो. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधले माळीही हेच करत होते. त्यांची चूक दाखवून दिली ती एका किशोरवयीन मुलाने.

आंत्वान निकोला द्यूशेन याचा जन्म 1747 साली व्हर्सायला झाला. वडील राजाच्या बांधकाम खात्यात अधिकारी असल्याने राजाच्या बागा त्याला जवळच्या होत्या. त्याच्या जन्माआधी, 1714 साली, फ्रेझिए नावाच्या अभियंत्याने चिली देशातून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपे जहाजातून फ्रान्सला आणली होती. चिलीतले मूळ रहिवासी हे वाण पिढ्यान्‌पिढ्या जपत आले होते. फ्रान्समध्ये रोपे जगली, त्यांना धावते फुटवे आले, वाफे भरले. मात्र बहुतेक बागांत फळ मिळेना.

द्यूशेनने खतापाण्याचा विचार बाजूला ठेवून फूल उघडून पाहिले. फुलात परागकण देणारे पुंकेसर नव्हतेच! चिलीच्या स्ट्रॉबेरीत नर आणि मादी रोपे वेगळी असतात. फ्रेझिएने भरघोस फळांची रोपे निवडली, म्हणजे सगळी मादीच आली. फुटव्यातून वाढलेले रोप आईसारखेच असते, त्यामुळे हजारो रोपे झाली तरी नर एकही नव्हता. आपल्याकडे पपई आणि कर्टुलीच्या बागेत नर झाडे लागतात, तसाच हा प्रकार.

मग त्याने मादी रोपांना कस्तुरी स्ट्रॉबेरी या दुसऱ्या जातीचे पराग मिळवून दिले. मोठी फळे धरली. 1764 साली त्याने फळांनी लगडलेली कुंडी राजा पंधराव्या लुईपुढे ठेवली. 1766 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने स्ट्रॉबेरीवर पुस्तक लिहिले. अननसाच्या वासाची नवी स्ट्रॉबेरी ही चिली आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया जातींचा संकर आहे, हे त्यात त्याने ओळखले. महाबळेश्वरच्या वाफ्यातली आजची स्ट्रॉबेरी याच वंशातली. पुढे त्याने भोपळावर्गीय पिकांचाही अभ्यास केला. 1827 साली तो वारला.

ब्रिटनी भागातले शेतकरीही चिलीच्या रोपांशेजारी दुसऱ्या जातीची रोपे लावून भरपूर फळे घेऊ लागले होते. द्यूशेनने त्यामागचे कारण शोधले.

यातून तुम्ही घरच्या कुंडीसाठी काय घ्याल?

- जुने वाण आणताना नर-मादी वेगळे आहेत का, ते विचारा. आजच्या बहुतेक वाणांत दोन्ही अंगे एकाच फुलात असतात. तिथे ही अडचण येत नाही.
- फळावरचा प्रत्येक दाणा फळला तरच त्याभोवतीचा गर फुगतो. वेडीवाकडी फळे दिसली तर परागीभवन कमी पडले का, ते आधी तपासा. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. गॅलरीत मधमाशी येत नसेल, तर मऊ कुंचला फुलांवरून हलकेच फिरवा.
- लागवड करताना रोपाचा कोंब मातीच्या पातळीवर ठेवा. तो गाडला गेला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळे सुकतात.
- माती निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी असावी. फळे मातीला टेकू नयेत म्हणून पेंढा अंथरा.
- फळे चालू असताना धावते फुटवे काढा. हंगामानंतर निरोगी रोपाचे फुटवे कुंडीत रुजवा.

फळ धरत नसेल, तर खताची पिशवी उघडण्याआधी एक फूल उघडून पाहा. द्यूशेनने सुरुवात तिथूनच केली होती.