रॉबर्ट हूक

इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या वाइट बेटांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं १६३५ सालीं रॉबर्ट हूक याचा जन्म झाला. प्रकृति जन्मतः अशक्त. तेराव्या वर्षीं पितृछत्रही हरपलें. तथापि लंडन व ऑक्सफर्ड येथें विद्या संपादून १६६२ सालीं रॉयल सोसायटीपुढें प्रयोग करून दाखविण्याच्या कामीं त्याची नेमणूक झाली.

येथें आम्हांस त्याचा एकच शोध सांगावयाचा आहे. स्प्रिंगेस वजन टांगलें असतां तिची लांबी वाढते. वजन दुप्पट केलें कीं ती वाढही दुप्पट होते, तिप्पट केलें कीं तिप्पट. मात्र मर्यादेपलीकडे ताणलेली स्प्रिंग पूर्ववत् होत नाहीं. हें श्रेय दुसऱ्यानें घेऊं नये म्हणून हूकनें १६७६ सालीं हा नियम अक्षरांची उलटापालट करून छापला, व १६७८ सालीं त्याची उकल प्रसिद्ध केली.

नियमास त्याचें नांव मिळालें. परंतु श्रेयाच्याच वादांतून न्यूटनशीं आलेलें वितुष्ट १७०३ सालीं तो निवर्तेपर्यंत मिटलें नाहीं. आज त्याचें एकही खात्रीचें चित्र उपलब्ध नाहीं. प्रयोगशाळेंतील ताणकांटा हातीं घेतांना विद्यार्थ्यांनीं त्याचें स्मरण करावें. त्याची चिकाटी घ्यावी, आणि मनालाही ताणण्याची मर्यादा असते हें विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें.